पदवीनंतर पुरातत्त्व: पहिल्या तीन वर्षांची तयारी

भारतात जुन्या वस्तीच्या टेकाडावर कुदळ मारायची तर परवाना लागतो, आणि तो हौसेखातर मिळत नाही. १९५८च्या प्राचीन स्मारकं व पुरातत्त्वीय स्थळांच्या कायद्यानुसार राज्य सरकारलासुद्धा उत्खननाआधी केंद्राची मंजुरी घ्यावी लागते. प्रत्यक्षात खणतात ते तिघेच: भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण (पुढे एएसआय), राज्यांची पुरातत्त्व खाती, आणि विद्यापीठं किंवा संशोधन संस्था. इंग्लंडमध्ये १९९० नंतर बांधकामाआधी जागा तपासण्याचा खर्च नियोजनाच्या धोरणानुसार विकासकावर येऊ लागला, त्यातून तिथे उत्खनन करणाऱ्या खासगी कंपन्या उभ्या राहिल्या. आपल्याकडे तसा बाजार नाही. त्यामुळे पदवी घेऊन कंपन्यांना बायोडेटा पाठवत बसण्यात अर्थ नाही. इथे तीन गोष्टी चालतात: एमए, त्याच्या जोडीला एक वेगळं हातकसब, आणि परवानाधारकाच्या उत्खनन-कॅम्पवर केलेल्या कामाची कागदावर असलेली नोंद. तिन्ही एकाच वेळी जमवायला सुरुवात करावी. एकामागून एक करू म्हटलं तर वयोमर्यादा आडवी येते.

एमए कुठे करायचं

महाराष्ट्रातलं पहिलं नाव अर्थातच पुण्याचं डेक्कन कॉलेज. १९३९ मध्ये पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकळिया तिथे रुजू झाले, आणि नेवासे, जोर्वे, इनामगाव या उत्खननस्थळांची नावं महाराष्ट्राच्या इतिहासात आली ती बरीचशी या संस्थेमुळे. तिथल्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्वाच्या एमएला कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो. बीकॉम आहे, इंजिनियरिंग झालंय, म्हणून मागे राहू नका. शिकवणं इंग्रजीत असतं, याची मात्र आधीच तयारी ठेवा. विदर्भातल्यांसाठी नागपूर विद्यापीठाचा विभाग आहे. महापाषाणीय शिलावर्तुळं (प्राचीन दफनांभोवती मांडलेल्या मोठ्या दगडांची वर्तुळं) ज्याला अभ्यासायची त्याला जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड ही सगळी स्थळं तिथून जवळ पडतात. बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि बनारस हिंदू विद्यापीठ यांचे विभागही जुने आणि भक्कम आहेत.

निवड करताना संस्थेच्या नावापेक्षा चार गोष्टी विचारा. गेल्या तीन हंगामांत या विभागाने स्वतः कुठे उत्खनन केलं? एमएच्या विद्यार्थ्याला दोन वर्षांत प्रत्यक्ष मैदानावर किती दिवस मिळतात? हाडं, बिया, माती यांपैकी कशाची प्रयोगशाळा चालू स्थितीत आहे, नुसती पाटी नव्हे? आणि प्रबंधिकेसाठी खापरं-हत्यारांचा न अभ्यासलेला साठा मिळतो का? चौथा प्रश्न कुणी विचारत नाही, पण तोच सगळ्यात कामाचा. जुन्या उत्खननांतल्या कितीतरी पेट्या न उघडलेल्या असतात, आणि त्यातली एक तुमच्या वाट्याला आली तर दोन वर्षांनी तुमच्या हातात स्वतःचं काम असतं.

दूरशिक्षणातून इतिहासाचं एमए केलं तर काही जाहिरातींच्या पात्रतेत ते बसतं. पण मैदानाचे दिवस शून्य राहतात, आणि मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत ते उघडं पडतं.

दुसरं कसब

उत्खनन दोन-तीन महिने चालतं. त्यातून निघालेल्या मालाचं काम पुढे वर्षानुवर्षं. म्हणून उत्खननाच्या संचालकाला कॅम्पवर ‘आवड असलेला’ विद्यार्थी नको असतो, त्याला हाडं ओळखणारा, टोटल स्टेशन (मोजणीचं यंत्र) लावणारा, खापरांचं रेखाटन करणारा माणूस हवा असतो. तुमच्या पदवीतूनच हे कसब निघालं तर दोन वर्षं वाचतात.

प्राणिशास्त्रवाल्याने प्राण्यांची हाडं धरावीत: गाय की म्हैस, शेळी की मेंढी हा भेद करता येणारे लोक देशात थोडेच आहेत. वनस्पतिशास्त्रवाल्याने जळालेल्या बिया. भूशास्त्र असेल तर नदीकाठचे थर आणि दगडी हत्यारांचा कच्चा माल. रसायनशास्त्र असेल तर धातू आणि जतन. वैद्यकीय किंवा दंतवैद्यकीची पदवी असेल तर मानवी सांगाडे. सिव्हिल किंवा संगणकाची पार्श्वभूमी असेल तर जीआयएस (संगणकावरचे नकाशे) आणि फोटोंवरून त्रिमितीय मॉडेल. त्यासाठीचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे. रोज दीड तास दिला तर तीन महिन्यांत आपल्या तालुक्याचा नकाशा स्वतः करता येतो. संस्कृत किंवा प्राकृत असेल तर ब्राह्मी लिपी शिकून शिलालेखांकडे वळा. मध्ययुगाची आणि किल्ल्यांची ओढ असेल तर मोडी लागतेच, आणि फारसी येत असेल तर तुमच्यासारखे फार जण नाहीत: एएसआयची अरबी-फारसी शिलालेखांची शाखा नागपूरला आहे. नाण्यांत रस असेल तर नाशिकजवळ अंजनेरीची नाणकशास्त्र संशोधन संस्था पाहून या. पाण्याखालच्या कामाची ओढ असेल तर गोव्यात दोना पावला इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, पण तिथे आधी पोहणं आणि डायव्हिंग, मग पुरातत्त्व.

एकच कसब घ्या. तीन अर्धवट कसबांचा बायोडेटा भरगच्च दिसतो आणि कामाला येत नाही.

कॅम्प मिळवायचा कसा

महाराष्ट्रात मैदानाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि मेपर्यंत जातो. परवान्याचे अर्ज, पैशाची तरतूद, माणसांची जुळवाजुळव हे त्याआधी पावसाळ्यात होतं. म्हणजे ईमेल पाठवायचा महिना ऑगस्ट किंवा सप्टेंबर. डिसेंबरात पाठवलेल्या मेलला उत्तर येत नाही, कारण संचालक तेव्हा मैदानात असतो आणि तंबूंची संख्या ठरून गेलेली असते.

मेल आठ ओळींचा असावा. कोण, कुठे शिकता, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत मोकळे आहात, कोणतं एक काम स्वतः करू शकता, त्याचा एक नमुना जोडलेला (खापराचं रेखाटन, एखाद्या मंदिराचा आराखडा, नकाशा), आणि किमान तीन आठवडे राहाल हे स्पष्ट. चार-पाच दिवसांसाठी येणारा माणूस कॅम्पला ओझं असतो: शिकेपर्यंत निघायची वेळ होते. ‘लहानपणापासून इतिहासाचं वेड आहे’ हे वाक्य काढून टाका. प्रत्येक मेलमध्ये ते असतं.

कॅम्प संपताना प्रमाणपत्र घ्या, आणि ते नुसतं ‘सहभाग घेतला’ असं नको. स्थळाचं नाव, गाव-तालुका-जिल्हा, हंगाम, संचालकाचं नाव आणि पद, रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख, एकूण दिवस, आणि केलेली कामं (ट्रेंचचं म्हणजे उत्खननाच्या आखलेल्या खड्ड्याचं पर्यवेक्षण, रेखाटन, अँटिक्विटी रजिस्टर म्हणजे पुरावस्तूंची नोंदवही) एवढं त्यात हवं. वरच्या पदांच्या जाहिरातींत क्षेत्रीय अनुभव मागतात, तेव्हा छाननी करणारा कारकून तारखा मोजतो. तारीख नसलेलं प्रमाणपत्र तो बाजूला ठेवतो, आणि तोवर संचालक निवृत्त झालेले असतात.

बॅगेत काय

चार इंची टोकदार ट्रॉवेल, पातं आणि दांडा एकसंध पोलादाचा. जोडकाम केलेलं पातं काळ्या मातीत दुसऱ्या आठवड्यात निखळतं. दीड आणि तीन इंची रंगाचे ब्रश, बांबूच्या टोकदार काड्या (हाडाभोवती लोखंड लावायचं नसतं), ओळंबा, दोरीवर अडकवायची छोटी स्पिरिट लेव्हल, ५ मीटरचा टेप, नायलॉनची दोरी, चार इंची खिळे, मिलिमीटर आलेख कागद, २एच आणि एचबी पेन्सिली, १० सेंटिमीटरची फोटो पट्टी, पर्मनंट मार्कर. टोटल स्टेशन, डम्पी (उंची मोजायची दुर्बीण), ३० मीटरचे टेप कॅम्पवर असतात. कुदळ, टिकाव, फावडी, घमेली तर असतातच.

अंगावर पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, टोपी, घोट्यापर्यंतचे बूट. धनुर्वाताचं इंजेक्शन निघण्याआधी घ्या. ओआरएसची पाकिटं जवळ ठेवा. सकाळी ट्रेंचवरची ताडपत्री काढताना हात आत घालू नका. लांबून काठीने उचला. रात्री तिच्याखाली ऊब असते आणि सापांना ती ठाऊक असते.

ट्रेंचमध्ये पहिले पंधरा दिवस

५ बाय ५ मीटरचा ट्रेंच आखला आणि चारही बाजू ५ मीटर भरल्या म्हणून तो चौरस झाला असं नाही. तो तिरका असू शकतो. दोन्ही कर्ण मोजा, दोन्ही ७.०७ मीटर आले पाहिजेत. पहिला काटकोन ३-४-५ च्या त्रिकोणाने धरावा. सगळीकडून अर्धा मीटर सोडून आत ४ बाय ४ मीटर खणायचं. दोन शेजारच्या ट्रेंचमध्ये उरते ती एक मीटरची भिंत म्हणजे बाल्क. तिच्यावरून घमेली जातात आणि तिच्याच उभ्या अंगावर थर वाचायचे असतात. बाल्कच्या कडेला उभं राहू नका. नवखे हमखास तिथे उभे राहतात आणि पंधरा दिवस तासलेला सेक्शन (बाल्कचं ते उभं अंग) ढासळतो.

खोली नेहमी ठरलेल्या बिंदूपासून मोजा, ट्रेंचच्या काठापासून नव्हे, कारण काठ पायांखाली झिजतो. समजा त्या बिंदूची, म्हणजे बेंचमार्कची, उंची १००.०० मीटर धरली आहे. त्यावर ठेवलेल्या पट्टीचं डम्पीतून वाचन १.४२ आलं, तर यंत्राची उंची १०१.४२. आता ट्रेंचमधल्या जमिनीवर पट्टी ठेवून वाचन २.८७ आलं, तर ती जमीन ९८.५५ वर, म्हणजे बेंचमार्कच्या १.४५ मीटर खाली. डम्पी हलवला की यंत्राची उंची नव्याने काढायची. दुपारी कुणाचा तरी पाय तिपाईला लागतो, कुणी काही बोलत नाही, आणि त्या दिवसाची सगळी वाचनं चुकतात. म्हणून दुपारच्या सुट्टीनंतर बेंचमार्क पुन्हा वाचायचा, सवयच लावायची.

थरांना वरून खाली (१), (२), (३) असे आकडे देतात. मातीचा रंग, घट्टपणा, त्यातली राख, चुनखडे बदलले की थर बदलला. हे कोरड्या मातीत दिसत नाही. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, सेक्शनवर पाण्याचा हलका फवारा मारा. रेषा उमटतात, त्या ट्रॉवेलच्या टोकाने लगेच कोरून ठेवा. मन्सेलच्या रंगतक्त्याशी माती ओली करून जुळवायची, आणि निळ्या-पिवळ्या ताडपत्रीखाली उभं राहून नाही: ताडपत्रीचा रंग मातीवर पडतो आणि वहीत भलताच कोड जातो.

थरापेक्षा अवघड असतो खड्डा. धान्याचं पेव, कचरा, उकरलेली भिंत, सगळे खड्डे वरून खाली गेलेले असतात. दोन मीटर खोल सापडलेली वस्तू त्या खोलीवरच्या थराचीच असेल असं नाही. खड्डा ज्या थरातून खणायला सुरुवात झाली त्या काळाचा तो माल. ताम्रपाषाणयुगीन थरात सातवाहनकाळाचं खापर आलं की खळबळून जाऊ नका. आधी खड्ड्याची कड शोधा, मग उंदराचं बीळ शोधा. दख्खनेत तिसरी शक्यताही असते: काळी माती उन्हाळ्यात फाटते, भेगा मीटरभर खोल जातात, आणि वरच्या बांगडीचा तुकडा त्यातून निवांत खाली उतरतो. खड्डा दिसला की त्यातला माल आधी वेगळा काढायचा, वेगळ्या पिशवीत, मगच भोवतीचा थर खाली न्यायचा. उलटं केलं की मिसळलेलं पुन्हा वेगळं होत नाही.

प्रत्येक पिशवीत दोन चिठ्ठ्या: एक बाहेर बांधलेली, एक आत, लहान प्लास्टिकच्या पाकिटात. स्थळाचं संक्षिप्त नाव, वर्ष, ट्रेंच, थर, खोली, तारीख, भरणाऱ्याची आद्याक्षरं. आतली चिठ्ठी पेन्सिलीने लिहा. बॉलपेन ओलाव्यात पसरतं, शिसं टिकतं. चिठ्ठी हरवलेली पिशवी म्हणजे नुसती खापरं. ती गावच्या उकिरड्यावर मिळतात तशीच.

कोळशातल्या कार्बनवरून वय काढतात, म्हणून तो काढायची रीत वेगळी. बोट लावायचं नाही, कापूस किंवा कागद गुंडाळायचा नाही, कारण दोन्हींतला आजचा कार्बन नमुन्यात शिरतो. ट्रॉवेलच्या टोकाने किंवा चिमट्याने उचलून ॲल्युमिनियमच्या पत्रीत, मग डबीत, सावलीत वाळवून. ट्रेंचमध्ये बिडी नाही. चुलीतून आला की खड्ड्याच्या भरावातून, ते चिठ्ठीवर हवंच. जाड लाकडापेक्षा जळालेला दाणा केव्हाही बरा: दाणा एका हंगामाचा असतो, तर झाडाचा गाभा झाड तोडलं त्याच्याही शेकडो वर्षं आधीचा असू शकतो, आणि तुमच्या घराचं वय तेवढं फुगतं. हाडावर फार भिस्त ठेवू नका; आपल्या हवेत हाडातलं कोलॅजन (ज्यावरून वय काढतात ते प्रथिन) फारसं उरत नाही.

बियांसाठी चूल, कणगी, राखेचा थर यांतून किमान १० लिटर माती वेगळी ठेवा. बादलीत पाण्यात सोडून हलकेच ढवळली की जळालेले दाणे वर तरंगतात; ते अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून बारीक जाळीत गाळायचे, आणि उन्हात नव्हे, सावलीत वाळवायचे. उन्हात झटकन वाळलेला दाणा तडकतो.

रोजनिशी त्याच संध्याकाळी लिहा. सकाळची आणि संध्याकाळची खोली, किती मजूर, कोणता थर, काय शंका आली, आणि कुठे चुकलं. चूक लिहायला लाजू नका. ‘थर ४ मध्ये खड्डा उशिरा लक्षात आला, वरचे १५ सेंटिमीटर मिसळले असावेत’ ही ओळ अहवाल लिहिणाऱ्याला पाच वर्षांनी वाचवते. आणि मजुरांचं ऐका. चार हंगाम काम केलेल्या बाईच्या खुरप्याला मातीतला फरक तुमच्या डोळ्यांआधी कळतो.

खापरं

कॅम्पवरचा निम्मा वेळ पॉटरी यार्डात (खापरं धुऊन निवडायच्या आवारात) जातो, आणि नवखे तिथेच कंटाळतात. तिथे न कंटाळणाऱ्याला पुढच्या वर्षी बोलावणं येतं.

धुवायचा ब्रश मऊ हवा. आतून काजळी किंवा चिकटलेला थर असेल तर ते खापर धुवायचं नाही, बाजूला ठेवायचं. धुतलेलं पूर्ण वाळल्याशिवाय पिशवीत नको, बुरशी येते. क्रमांक आतल्या बाजूला, तुटलेल्या कडेवर नाही (जोडकाम करताना ती कड लागते), आधी पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक रेझिनचा पातळ हात, त्यावर इंडिया इंक, वर पुन्हा एक हात. थेट खापरावर लिहिलेली शाई सच्छिद्र मातीत मुरते आणि कधीच निघत नाही.

काठाचा व्यास वर्तुळांच्या तक्त्यावर मोजतात. काठाचा तुकडा पूर्ण वर्तुळाच्या पाच टक्क्यांहून कमी असेल तर व्यास देऊ नका. दोन माणसं दोन आकडे काढतील. एका ट्रेंचची सगळी काठं रेखाटली की हात बसतो. साधारण दोनशे रेखाटनं म्हणू.

ओळख हाताने होते, फोटोने नाही. जोर्वे संस्कृतीचं लाल खापर, काळ्या रंगाने भौमितिक नक्षी काढलेलं, इतकं पक्कं भाजलेलं की टिचकी मारली तर धातूसारखं वाजतं. सातवाहनकाळाचं काळं-तांबडं आणि विदर्भातल्या महापाषाणीय दफनांतलं काळं-तांबडं शेजारी ठेवून तासभर बघा. चौलसारख्या बंदरावर चिनी मातीची भांडी येतात, बहमनी थरांत रंगीत काचेच्या बांगड्या. संग्रहालयातल्या काचेमागून यातलं काही शिकता येत नाही. विभागातल्या संदर्भसंचाच्या पेट्या उघडायची परवानगी मागा.

मधल्या काळात आपला तालुका

कॅम्प नसतो त्या महिन्यांत परवान्याविना करता येण्यासारखं काम म्हणजे बघणं, विचारणं, टिपणं. आधी कागद चाळा: जिल्हा गॅझेटियर, आणि एएसआयचा ‘इंडियन आर्किऑलॉजी: अ रिव्ह्यू’ हा वार्षिक आढावा, १९५३-५४ पासूनचा. तुमच्या तालुक्यातलं कोणतं स्थळ आधीच नोंदलं गेलंय ते त्यात मिळतं. लागलेलाच शोध पुन्हा लावण्याची नामुष्की टळते.

गावात गेल्यावर ‘पुरातत्त्वीय स्थळ’ विचाराल तर सगळे महादेवाचं देऊळ दाखवतील. ‘पांढर कुठे आहे?’ असं विचारा. जुन्या वस्तीची राखाडी-पांढुरकी माती म्हणजे पांढर; धाब्याच्या घरांवर टाकायला, शेतात पसरायला लोक ती नेत आले आहेत. त्यामुळे टेकाडाची एक बाजू बहुधा कापलेली असते, आणि त्या कापात न खणता थर दिसतात. विदर्भ-मराठवाड्यात ‘रिठ’ (उजाड गावाची जागा) विचारा. तलाठ्याकडे ‘बेचिराख’ गावांची नावं असतात. वीरगळ, सतीशिळा, गधेगळ या जुन्या कोरीव शिळा लोक देव म्हणून पूजतात. शेंदूर खरवडू नका, पाणी ओतून फोटो काढू नका, आधी पुजाऱ्याला किंवा पोलीस पाटलाला विचारा. कोकणातल्या सड्यांवरची (कातळी पठारांवरची) कातळशिल्पं अशाच पायपिटीतून आणि गावकऱ्यांना विचारत नोंदली गेली. बारसू, कशेळी, उक्षी, जांभरूण, सिंधुदुर्गात कुडोपी. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. गोव्यात कुशावतीच्या काठी उसगाळीमळची पाहून या.

नोंदीत गावाबरोबर तालुका आणि जिल्हा हवाच. पिंपळगावं महाराष्ट्रात किती आहेत ते मोजवत नाही. अक्षांश-रेखांश दशांश अंशांत, पाच स्थानांपर्यंत. मोबाइलचा जीपीएस उघड्यावरही तीन ते पाच मीटर चुकतो, त्याहून जास्त आकडे लिहिण्यात अर्थ नाही. टेकाडाची लांबी-रुंदी पावलांनी, उंची अंदाजाने, आणि पृष्ठभागावरच्या खापरांचे पट्टीसह फोटो.

उचलून खिशात घालायचं नाही. १९७२च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू ही पुरावस्तू, हस्तलिखितांना ही मर्यादा ७५ वर्षं. आणि १८७८चा निखात निधी कायदा अजून लागू आहे: जमिनीत १० रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्यांबरोबर एकदा फोटोत दिसलात तर या क्षेत्रात तुमच्याशी पुन्हा कुणी बोलणार नाही.

नेटकी टिपलेली तीसेक गावं झाली की एक छोटा निबंध तयार होतो. इंडियन आर्किऑलॉजिकल सोसायटी आणि इंडियन सोसायटी फॉर प्रीहिस्टॉरिक अँड क्वाटर्नरी स्टडीज यांची वार्षिक परिषद एकत्र भरते, तिथे तो वाचा. भावी मार्गदर्शक तिथेच चहाच्या रांगेत भेटतो.

परीक्षा आणि पदं

एमएनंतरची सगळ्यात चांगली संधी म्हणजे एएसआयच्या ग्रेटर नोएडातल्या पंडित दीनदयाळ उपाध्याय पुरातत्त्व संस्थेची दोन वर्षांची पदव्युत्तर पदविका. जागा अगदी थोड्या, विद्यावेतन मिळतं, लेखी परीक्षा आणि मुलाखत होते, आणि वयाची अट कडक असते. म्हणून एमएच्या दुसऱ्या वर्षापासूनच जाहिरातीवर डोळा ठेवा. इतिहास आणि पुरातत्त्वाखेरीज मानवशास्त्र, संस्कृत-पाली-प्राकृत, अरबी-फारसी, भूशास्त्र यांच्या पदव्युत्तरांनाही त्यात वाट असते. पात्रतेचा मजकूर शब्दन् शब्द वाचा.

नेटमध्ये (प्राध्यापकी आणि संशोधनवृत्तीसाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत) पुरातत्त्व हा स्वतंत्र विषय आहे, क्रमांक ६७. बरेच जण सवयीने इतिहास भरतात आणि कितीतरी मोठ्या गर्दीत उभे राहतात. दोन पेपर, १५० प्रश्न, ३०० गुण, तीन तास, चुकीच्या उत्तराला गुणकपात नाही. तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. स्थळ, नदी, उत्खनक आणि कालखंड यांच्या जोड्या पाठच हव्यात: इनामगाव घोड नदीकाठी, दायमाबाद प्रवरेकाठी, जोर्वे संस्कृतीचं नाव ज्या गावावरून पडलं तेही प्रवरेकाठी. जेआरएफ (नेटमधून मिळणारी कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) मिळाली तर २०२३च्या जानेवारीपासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं.

एएसआयमधली डेप्युटी सुपरिंटेंडिंग आर्किऑलॉजिस्ट ही पदं यूपीएससी भरते, पण नागरी सेवा परीक्षेतून नाही, स्वतंत्र जाहिरातीने. जाहिरात दर वर्षी येईलच असं धरून चालू नका. खालची काही पदं कर्मचारी निवड आयोगाकडून येतात. राज्यात पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालय आहे. तिथली राजपत्रित पदं एमपीएससीमार्फत, आणि मोठ्या अंतराने. गोव्याचं पुरातत्त्व खातं वेगळं आहे. एएसआयची मुंबई, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर ही तीन मंडळं, शिवाय उत्खनन आणि प्रागितिहास या शाखा नागपुरात. त्यांच्या कंत्राटी जागांचा शोध संकेतस्थळावर आणि ओळखीतल्या सीनियरांकडून घ्यावा लागतो.

नुसत्या सरकारी जाहिरातींवर राहू नका. संरक्षित स्मारकापासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. त्यातल्या बांधकामांच्या अर्जांमुळे वारसा-परिणाम अहवाल लिहिणाऱ्या संवर्धन वास्तुविशारदांना पुरातत्त्व समजणारा माणूस लागतो. २०२५ मध्ये मराठा किल्ल्यांचा समूह जागतिक वारशात गेला, १२ पैकी ११ महाराष्ट्रातले. तिथे आता नकाशे, नोंदी, फलक यांची कामं निघत राहणार आहेत. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय संग्रहालयशास्त्राचा अभ्यासक्रम चालवतं. संग्रहालयाची नोकरी म्हणजे दुय्यम पर्याय ही समजूत सोडून द्या. साठ्यातल्या पेट्यांपर्यंत पोचायचा तोच सरळ मार्ग आहे.

पैशाचं

पहिली तीन वर्षं पैसा तुटक येतो. प्रकल्प साहाय्यकाची नेमणूक अकरा महिन्यांची किंवा अनुदान संपेपर्यंतची. अनुदानाचा हप्ता लांबला की मानधन लांबतं. रुजू होताना तीन महिन्यांचा खर्च हाताशी असावा. कॅम्पवर जेवण-राहणं बहुधा मिळतं, प्रवासखर्च मिळेलच असं नाही; आधी विचारा, विचारण्यात कमीपणा नाही. पीएचडीला नोंदणी झाली की जेआरएफखेरीज सारथी, बार्टी, महाज्योती, टीआरटीआय या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत, ज्याच्या त्याच्या प्रवर्गानुसार. त्यांना नोंदणीच्या पत्राची तारीख लागते, म्हणून ते पत्र विद्यापीठातून पाठपुरावा करून वेळेत काढा.

नेमणुकीचं पत्र हातात आल्यावर एक ओळ शोधा: गोळा केलेल्या नोंदी, रेखाटनं आणि फोटो यांवर तुमचं नाव कसं येणार. ती ओळ नसेल तर सही करण्याआधी मेलवर विचारून लेखी उत्तर घ्या. हंगाम सुरू झाल्यावर हे विचारायला कुणाला सवड नसते, आणि अहवाल छापून येतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.